घराचा वकील ‘जवळचा’ हवा, म्हणजे नेमका कुठला?

पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा वकील आम्हाला एकदाच भेटला, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानापाशी. करारनामा त्यानंच केला होता, पण त्याच्याशी बोलणं झालं ते "इथे सही करा, इथे अंगठा, पॅनकार्ड आणलंय ना?" एवढंच. दोन साक्षीदार, कॅमेऱ्यासमोर फोटो, आणि दुपारी दीडला आम्ही घरी जेवायला. त्यामुळे इंग्लंडमध्ये घर घ्यायचं ठरलं आणि एस्टेट एजंटनं पहिल्याच फोनवर "तुमचा सॉलिसिटर कोण?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं, सहीच्या दिवशी एखादा बघू. इथला सॉलिसिटर सहीपुरता नसतो. भाव ठरल्यापासून किल्ली हातात येईपर्यंतचे तीन-चार महिने तोच सगळं ओढत असतो, किंवा अडवून बसलेला असतो.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "चांगला सॉलिसिटर सुचवा." तासाभरात आठ नावं येतात, आठही वेगवेगळ्या गावांतली, आणि प्रत्येकाच्या मागे "आमचं काम छान झालं" हेच एक वाक्य. यावरून निवड कशी करायची? मी पहिल्यांदा चुकीची केली, दुसऱ्यांदा बरी केली.

आधी हे काम काय असतं ते बघू. घराची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कायदेशीर रीतीने नेण्याच्या सगळ्या खटाटोपाला इथे कन्व्हेयन्सिंग म्हणतात. इथे म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ग्लासगो-एडिंबरावाल्यांनी हा लेख तिथे लावू नये. हे काम सॉलिसिटर करतात, तसंच लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही करतात. हे दुसरे म्हणजे फक्त मालमत्तेच्या कामात तयार झालेले लोक. १९८५ च्या एका कायद्यानं त्यांना परवाना मिळाला आणि सॉलिसिटर मंडळींची या कामातली मक्तेदारी संपली. रोजच्या कामात दोघांत फारसा फरक जाणवत नाही. घराच्या व्यवहारात घटस्फोट, वारसा, भावकीचं भांडण असं काही गुंतलेलं असेल तर मात्र सॉलिसिटरचं ऑफिस बरं, कारण तिथे त्या विषयाचा माणूस शेजारच्याच टेबलावर असतो.

आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटतं ते हे, की भाव ठरला तरी काहीच ठरलेलं नसतं. एजंट पाटी लावतो, त्यावर ‘सोल्ड’ लिहितो आणि बारीक अक्षरात ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’. जुन्या घराला आपल्यासारखं टोकन नाही, बयाणा नाही. १९८९ च्या कायद्यानुसार जमीनजुमल्याचा करार लेखी आणि सहीनिशी झाल्याशिवाय बांधून ठेवत नाही. मधल्या काळात विकणाऱ्याला जास्त पैसे देणारा भेटला तर तो खुशाल तिकडे जाऊ शकतो, याला गझंपिंग म्हणतात. घेणाराही शेवटच्या आठवड्यात "दहा हजार कमी करा" म्हणून अडू शकतो. दोन्हीत बेकायदा काही नाही.

खरी गाठ बसते ती ‘एक्स्चेंज’ला. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारप्रती आपापल्या वकिलाकडे असतात. मग दोन सॉलिसिटर एकमेकांना फोन करतात, "लॉ सोसायटी फॉर्म्युला बी" असं काहीतरी म्हणतात, घड्याळात बघून वेळ लिहून घेतात, आणि त्या मिनिटाला व्यवहार पक्का होतो. अंगठा नाही, फोटो नाही, तुम्ही हजरही नसता. मला एक्स्चेंज झाल्याचं कळलं तेव्हा मी सेन्सबरीजमध्ये कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. यावेळी साधारण १० टक्के रक्कम अनामत जाते, आणि त्यानंतर माघार घेतली तर ती बुडते. उरलेले पैसे कम्प्लिशनच्या दिवशी जातात आणि किल्ली मिळते.

भाव ठरणं आणि एक्स्चेंज यांच्या मधे जे असतं, तेच सॉलिसिटरचं खरं काम. मालकी तपासायची, कौन्सिलकडून (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून) आणि इतर ठिकाणांहून माहिती मागवायची, म्हणजे ‘सर्चेस’, समोरच्या वकिलाला लेखी प्रश्न विचारायचे, बँकेच्या अटी पुऱ्या करायच्या.

इथे एक शंका येते. मालकी तपासायला एवढं काय लागतं? सरकारी लँड रजिस्ट्री १८६२ पासून आहे, १ डिसेंबर १९९० पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये घर विकलं की नोंदणी सक्तीची आहे, आणि सात पौंड भरून कुणाच्याही घराचा उतारा पाच मिनिटांत ऑनलाइन निघतो. शिवाय आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. सूची दोनवर तुमचं नाव आलं म्हणून मालकी निर्विवाद झाली असं सरकार म्हणत नाही, म्हणून तर तीस वर्षांचा सर्च काढायचा. इथे नोंदणी मालकीचीच होते आणि रजिस्ट्रीच्या चुकीनं तुमचं नुकसान झालं तर सरकार भरपाई देतं. मग वकील कशाला?

कारण रजिस्टर एवढंच सांगतं, की घर कुणाचं आहे, त्यावर कुणाचं कर्ज आहे, आणि नोंदलेले हक्क आणि बंधनं काय आहेत. मागच्या गल्लीतून गाडी नेण्याचा हक्क नोंदलेलाच नसेल तर ती गैरसोय उताऱ्यावर कुठे दिसणार? माळ्यावर काढलेल्या खोलीला कौन्सिलची मंजुरी होती का, खालून कोळशाची खाण गेली होती का, नव्या वसाहतीतला रस्ता कौन्सिल कधी ताब्यात घेणार, हे त्यात नसतं. हे विचारावं लागतं. आणि काय विचारायचं हे सुचायला त्या भागातली घरं आधी पाहिलेली असावी लागतात. ‘जवळचा’ सॉलिसिटर म्हणजे मी तरी हाच अर्थ घेतो. त्याचं ऑफिस तुमच्या घरापासून चालत किती मिनिटांवर आहे, याला फार महत्त्व नाही. कागदपत्रं बहुतेक ईमेलनंच जातात.

हा देश लहान दिसतो, पण जमिनीखाली प्रत्येक तालुक्याची भानगड निराळी. चेशरमध्ये नॉर्थविचच्या बाजूला शेकडो वर्षं जमिनीखालून मीठ काढलं, काही इमारती अक्षरशः खचल्या, म्हणून तिथे खारपाण्याचा वेगळा सर्च काढतात. कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या जुन्या खाणी, साउथ वेल्स आणि यॉर्कशरमध्ये कोळसा. डेव्हन-कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यात रेडॉन वायू. वायव्येला मँचेस्टरच्या आसपास साधी जोडघरंसुद्धा ९९९ वर्षांच्या लीजवर असतात, तर कुठे वर्षाला दोन-चार पौंडांचा जुना रेंटचार्ज कुण्या तिऱ्हाइताला द्यायचा असतो. लंडनला फ्लॅट म्हटला की लीज आणि त्याबरोबर येणारी सगळी शुक्लकाष्ठं.

यातला सगळ्यात अजब प्रकार म्हणजे चर्चचा. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका जोडप्याच्या शेतजमिनीवर शेकडो वर्षांपासून एक जबाबदारी चिकटलेली होती: गावच्या चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, २००३ मध्ये ते हरले, आणि दोन लाख पौंडांहून जास्त खर्च अंगावर आला. त्यानंतर प्रत्येक सॉलिसिटर चॅन्सेल सर्च, म्हणजे या गाभाऱ्याच्या जबाबदारीचा सर्च, काढायला लागला. २०१३ पासून नियम बदलले आहेत आणि नोंद नसलेली जबाबदारी नव्या खरेदीदारावर सहसा येत नाही, तरी बिलात ही ओळ अजून दिसते. सवय.

आता माझी चूक. पहिलं घर आम्ही बघितलं तेव्हा एजंट म्हणाला, आमचे सॉलिसिटर आहेत, काम झटपट करतात, फीसुद्धा कमी. आम्ही हो म्हणालो. ते ऑफिस दोनशे मैल दूर होतं, त्याचं काही नाही. पण आमच्या फाइलवर तीन महिन्यांत चार माणसं बदलली. फोन लागला की "केस हँडलर मीटिंगमध्ये आहेत, पोर्टलवर मेसेज टाका." पोर्टलवर हिरव्या रंगाची एक पट्टी होती, ती ६० टक्क्यांवर येऊन थांबली ती थांबलीच. इथल्या लोकांत अशा ऑफिसांना ‘कन्व्हेयन्सिंग फॅक्टरी’ म्हणतात. विकणारा कंटाळला आणि त्यानं दुसरं गिऱ्हाईक धरलं. सर्व्हे आणि सर्चेसचे पैसे पाण्यात.

नंतर कळलं, की एजंटनं सॉलिसिटर सुचवला तर त्याला बरेचदा त्याबद्दल ‘रेफरल फी’ मिळते. हे बेकायदा नाही, पण सॉलिसिटरनं तुम्हाला ते सांगायला हवं. आम्हालाही सांगितलं होतं म्हणे, पत्राच्या अकराव्या पानावर. एजंटचाच वकील घ्यावा अशी सक्ती कुणी करू शकत नाही. बिल्डरकडून नवं घर घेताना हे जास्त जाणवतं. "आमच्या पॅनलवरचा सॉलिसिटर घ्या, २८ दिवसांत एक्स्चेंज करायचंय" असा दट्ट्या असतो. मिल्टन कीन्स, स्विंडन, रेडिंगकडे आपली आयटीतली पुष्कळ मंडळी अशीच घरं घेतात. फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमची मालकी, म्हणून आनंदात असतात आणि वर्षभरानं वसाहतीतली हिरवळ, दिवे आणि खेळाचं मैदान यांचं बिल मॅनेजमेंट कंपनीकडून यायला लागतं. हा आकडा दरवर्षी कोण ठरवणार, वाढायला काही मर्यादा आहे का, हे एक्स्चेंजच्या आधी विचारणारा वकील हवा. बिल्डरच्या मर्जीवर ज्याचं निम्मं काम चालतं, तो हा प्रश्न किती लावून धरेल?

दुसऱ्या वेळी मी पाच ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट आधी विचारली: माझी फाइल प्रत्यक्ष कोण बघणार? त्या माणसाचं नाव सांगा. तीन ठिकाणी "आमची टीम" असं उत्तर आलं. एका ठिकाणी नाव मिळालं, पण बाई पुढच्या आठवड्यापासून महिनाभर रजेवर. पाचव्या ठिकाणी फोन ज्यांनी उचलला त्याच काम करणार होत्या. त्यांना विचारलं, तुम्ही रजेवर गेलात तर? म्हणाल्या, शेजारच्या खोलीत माझा पार्टनर बसतो, त्याला तुमची फाइल ठाऊक असेल. हातात सध्या किती फाइली आहेत असंही विचारलं. हा प्रश्न त्यांना उद्धट वाटेल अशी भीती होती. त्या हसल्या आणि आकडा सांगितला. किती म्हणजे ठीक याचं गणित माझ्याकडे नाही. पण उत्तर टाळलं तर समजून जावं.

त्यांचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. पहिल्या भेटीत त्यांनी टायटल प्लॅन टेबलावर पसरला. हा रजिस्ट्रीचा नकाशा, त्यात तुमच्या जागेभोवती लाल रेघ असते. घर १९३० च्या दशकातलं, मागे गॅरेज, गॅरेजला जायला मागची गल्ली. बाईंनी पेन्सिलीचं टोक गॅरेजवर ठेवलं, तिथून गल्लीवर आणलं आणि थांबवलं. "ही गल्ली कुणाची?" मी म्हटलं, सगळ्यांचीच असेल. त्या म्हणाल्या, या रस्त्यावरच्या घरांत हाच घोळ असतो. बिल्डरनं शंभर वर्षांपूर्वी घरं विकली, गल्ली कुणाच्याच नावावर केली नाही. मग सध्याच्या मालकाकडून प्रतिज्ञापत्र घेतलं, की आम्ही वीस वर्षांहून जास्त काळ इथून बिनविरोध गाडी नेतोय, वर एक विमा पॉलिसी, आणि विषय मिटला. आधीच्या कंपनीच्या हे लक्षात आलं असतं का? आलंही असतं. पण या बाईंना नकाशा बघून दोन मिनिटांत दिसलं, कारण त्याच गल्लीतली आधीची घरं त्यांच्या हाताखालून गेली होती.

एक लक्षात ठेवा. सॉलिसिटर घर बघायला येत नाही, कितीही जवळचा असला तरी. त्यानं पाठवलेला नकाशा घेऊन तुम्हीच जागेवर जायचं, लाल रेघ आणि कुंपण जुळतं का ते बघायचं. आमच्या ओळखीच्या एका घरात ज्या कोपऱ्यावर ते दोन वर्षं टोमॅटो लावत होते, तो शेजाऱ्याचा निघाला.

त्याच भेटीत बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि मी खुर्चीत सरळ झालो. "जगात कुठेही तुमच्या किंवा तुमच्या पत्नीच्या नावावर घर आहे का?" आधीच्या ऑफिसच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘फर्स्ट टाइम बायर?’ असा चौकोन होता आणि मी त्यावर बिनधास्त खूण केली होती. इंग्लंडमधलं पहिलंच तर घर. पुण्याचा फ्लॅट मनातही आला नाही.

ज्यांचं मागे भारतात काही आहे त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. हे इंग्लंडपुरतं, वेल्सचा कर वेगळा आहे. इंग्लंडमधल्या स्टँप ड्युटीच्या हिशेबात ‘पहिलं घर’ म्हणजे जगातलं पहिलं घर. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी चार लाख पौंडांच्या घराचं गणित असं होतं: खरोखरचा पहिला खरेदीदार असेल तर तीन लाखांपर्यंत काही नाही, वरच्या लाखावर ५ टक्के, म्हणजे ५,००० पौंड. सवलत नसेल तर सव्वा लाखापर्यंत शून्य, अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ५ टक्के, म्हणजे १०,०००. आणि पुण्याचा फ्लॅट तुमच्याकडे असताना इथलं घर घेतलं, तर बहुतेक वेळा संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार लागतो: एकूण ३०,०००. पाच आणि तीस यांच्यातला फरक हा फ्लॅट.

नवरा-बायको एकत्र राहत असतील तर फ्लॅट कुणाच्याही नावावर असला तरी अधिभारासाठी तो दोघांचा धरतात. वारशानं आलेला हिस्साही मोजला जातो. साताऱ्याच्या वाड्यात चुलतभावांसोबत तुमचं नाव लागलेलं असलं तरी विषय निघतो. लहान हिस्सा, ४०,००० पौंडांपेक्षा कमी किंमत, नुकताच आलेला वारसा, राहतं घर विकून दुसरं घेणं, अशा सुटी आहेत आणि त्यांच्या पोटात अटीही आहेत. त्यामुळे माझ्या लेखावरून हिशेब करू नका, पण सॉलिसिटरनं विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. फी ठरवतानाच विचारा, की स्टँप ड्युटीचा सल्ला तुम्ही देता का. "आम्ही फक्त विवरणपत्र भरतो, कराचा सल्ला देत नाही" असं बऱ्याच ठिकाणच्या अटींमध्ये चक्क लिहिलेलं असतं. विवरणपत्र कम्प्लिशननंतर १४ दिवसांत भरायचं असतं आणि त्यातल्या चुकीची जबाबदारी तुमचीच.

आम्ही पुण्याचा फ्लॅट आधी विकला. पहिल्या घराचा व्यवहार मोडला हे त्या अर्थानं पथ्यावर पडलं, तोवर वेळ मिळाला. पण त्यातून पुढची करामत सुरू झाली: पैसे आले कुठून?

काळा पैसा घरात गुंतवला जाऊ नये म्हणून सॉलिसिटरला तुमच्या प्रत्येक पौंडाचा उगम बघावा लागतो. पगारातून साठवलेले असतील तर बँकेचे उतारे पुरतात. आई-वडिलांनी दिले असतील तर ते दान आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही असं त्यांचं सहीचं पत्र, त्यांची ओळखपत्रं, आणि त्यांच्याकडे पैसे कुठून आले त्याचे कागद. बाबांना "तुमची मिळकत कशी झाली ते दाखवा" असं फोनवर सांगणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. वडील भारतात राहत असतील तर एका आर्थिक वर्षात बाहेर पाठवायला अडीच लाख डॉलरची मर्यादाही आहे. तुमच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या मिळकतीचं खातं) पैसे आणायचे तर सीएचं प्रमाणपत्र वगैरे सोपस्कार. एवढं सगळं एक्स्चेंजच्या आठवड्यात सुरू केलं की मरण.

आमच्या बाबतीत बाईंनी विक्रीचा कागद मागितला. मी सूची क्रमांक दोन पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "कागद देखणा आहे, पण मला एक अक्षर कळत नाही." मग प्रमाणित भाषांतर आलं. त्यात ‘मौजे’ हे गावाच्या नावाचाच भाग समजून भाषांतरकारानं गावाचं नाव लांबवलं होतं, आणि ते नाव बँकेच्या कागदावरच्या पत्त्याशी जुळेना. ते निस्तरायला आठवडा गेला. यासाठी भारतीय वंशाचाच वकील हवा असं नाही, पण भारतातून आलेल्या पैशांच्या फाइली त्यानं याआधी केल्यात का, हे पहिल्या फोनवर विचारावं. ज्यानं केल्यात तो पहिल्याच दिवशी कागदांची यादी पाठवतो. ज्यानं नाही, तो दर पंधरा दिवसांनी एकेक कागद आठवून मागतो.

फीचं थोडक्यात सांगतो. वकिलाची फी साधारण हजार ते दोन हजार पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट, त्याशिवाय सर्चेस, रजिस्ट्री वगैरेंचा खर्च. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरच्या ऑफिसांना आपले दर वेबसाइटवर छापावे लागतात. सहाशे पौंडांचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. लीजहोल्डचे जादा, दान रकमेचे जादा, स्टँप ड्युटीचं विवरणपत्र भरायचे जादा, बँकेतून पैसे पाठवायचे जादा, असं करत तोही पंधराशेवर येतो. शेवटचा आकडा लेखी मागा, आणि व्यवहार मोडला तर त्यातलं किती द्यावं लागेल तेही.

नोंदणी खरी आहे का ते सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या वेबसाइटवर बघता येतं, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असेल तर त्यांच्या नियामक कौन्सिलच्या. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेचा कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमचा शिक्का असेल तर चांगलंच. या सगळ्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा: तुम्ही माझ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिनं मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत, आहात का? नसतील तर बँक स्वतःसाठी वेगळा वकील नेमते, त्याचे पैसे तुम्ही देता आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात महिना जातो. लहान ऑफिसांचं हे एक दुखणं असतं. आमची बेकरीवरची बाईही दोन बँकांच्या पॅनलवर नव्हती. आमची बँक सुदैवानं तिसरी होती.

ऑनलाइन परीक्षणं वाचायची तर पाच ताऱ्यांची सोडून द्या. किल्ली मिळालेला माणूस त्या दिवशी सगळ्यांना पाच तारे देतो. तीन ताऱ्यांची वाचा, आणि एकाच तक्रारीचा सूर पुन्हा पुन्हा येतोय का ते बघा.

विकणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. बरेच जण गिऱ्हाईक मिळाल्यावर सॉलिसिटर शोधतात, आणि तिथेच तीन आठवडे घालवतात. घर बाजारात आणतानाच वकील ठरवला तर माहितीचे फॉर्म आधी भरून ठेवता येतात. शेजाऱ्याशी वाद, पूर, बांधकामाच्या मंजुऱ्या, एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर त्याचा दाखला, बॉयलरचा दाखला. दुसऱ्या फॉर्मवर घरात काय ठेवणार आणि काय नेणार ते लिहायचं असतं, अगदी पडद्याच्या दांड्यांपर्यंत. हसू नका, दांड्यांवरून व्यवहार तटलेले आहेत. फ्लॅट असेल तर मॅनेजमेंट कंपनीकडून कागदांचा गठ्ठा मागवावा लागतो आणि तो यायला आठवडेच्या आठवडे लागतात. लीजची ८० वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर गिऱ्हाईक येण्याआधीच वकिलाला सांगा.

आणि एक खास वकिली गंमत. एखाद्या जुन्या बांधकामाचा दाखला सापडत नसेल तर उत्साहानं कौन्सिलला फोन करू नका. अशा वेळी साधारण एक विमा पॉलिसी काढून विषय मिटवतात, आणि तुम्ही कौन्सिलला त्याबद्दल बोललात तर विमा कंपनी पॉलिसी देत नाही. आधी सॉलिसिटरला विचारा. आपण प्रामाणिकपणे चौकशी करायला जातो आणि आपलाच दरवाजा बंद करून येतो.

पैसे पाठवण्याच्या दिवसाबद्दल एक सांगायचं राहिलं. अनामत किंवा उरलेली रक्कम पाठवायच्या सुमारास "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा ईमेल आला, तर तो सॉलिसिटरच्याच नावानं, त्याच्याच सहीनं आला असला तरी हात आवरा. ईमेल फोडून वाटच बघत बसलेले लोक असतात. पहिल्या भेटीत मिळालेल्या नंबरवर फोन करा आणि खाते क्रमांक आकडा-आकडा वाचून घ्या. आमच्या बाईंनी तर पहिल्याच पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं, की आमचा खाते क्रमांक कधीही ईमेलनं बदलत नाही. आवाज ओळखीचा असणं या एका कॉलसाठी फार कामाला येतं.

कम्प्लिशनच्या दिवशी आम्ही सामानाने भरलेली व्हॅन घेऊन एजंटच्या ऑफिससमोर उभे होतो. चेनमध्ये, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रीच्या साखळीत, आमच्या पुढे तीन घरं, प्रत्येकाचे पैसे पुढच्याकडे जायचे. बारा वाजले, एक वाजला. मागच्या सीटवर देवांचं खोकं मांडीवर घेऊन आई बसलेली, दर दहा मिनिटांनी विचारायची, "काय म्हणतात?" मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आपले पैसे अकराला निघालेत, दुसऱ्या घराचे बँकेत अडकलेत, त्यांच्या सॉलिसिटरला मी ओळखते, बघते. पावणेतीनला एजंट बाहेर आला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

त्यानंतरही त्यांचं काम संपलेलं नव्हतं. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रीकडे अर्ज, नावाची नोंद. नोंद लागायला काही महिने जाऊ शकतात, आणि तोपर्यंत विचारत राहायला हरकत नाही. नाव लागलं की सात पौंड भरून उतारा काढा आणि स्पेलिंग बघा. आपल्या आडनावांचं काहीही करतात. आणि रजिस्ट्रीची ‘प्रॉपर्टी अलर्ट’ नावाची मोफत सेवा आहे, तिथे घर नोंदवून ठेवा. तुमच्या घरासाठी कुणी अर्ज केला की ईमेल येतो. आम्ही दरवर्षी दोन महिने पुण्यात असतो आणि घर बंद असतं, म्हणून मी ते पहिल्याच आठवड्यात केलं.